स्क्रीनवर हिरवं, लाल पेटीत रिजेक्शन

प्रश्न: भोसरीत आमचं आठ सीएनसी लेथचं युनिट आहे. मुख्य काम 32 एच7 बोअरच्या (आतलं भोक 32.000 ते 32.025 मिमी) स्टील बुशचं. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवल्यापासून मशिन बंद राहण्याचा वेळ घटला, पण बोअरचं रिजेक्शन होतं तिथेच आहे. काय राहून जातंय?

उत्तर: सॉफ्टवेअर सायकल मोजतं, माप नाही. एम30 (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आला की त्याच्या लेखी एक पीस झाला. तो डिस्पॅचला गेला की बाद मालाच्या लाल पेटीत, हे कुणीतरी सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी शिफ्ट संपताना एकच आकडा भरतात, 'रिजेक्शन 14'. ओइइचा (मशिनच्या एकूण कार्यक्षमतेचा) टक्का काढायला तो पुरतो. पीस कधी बिघडले हे मात्र त्यात नसतं, आणि कारण शोधायला नेमकं तेच लागतं.

म्हणून बाद पिसाची नोंद मशिनवरच, त्याच वेळी करा, आणि 'बोअर मोठा' व 'बोअर लहान' असे दोन वेगळे कोड ठेवा. लहान बोअर पुन्हा मारता येतो, मोठा भंगारातच जातो. त्याच वेळपट्टीवर आणखी चार गोष्टी याव्यात: इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) बदलला, ऑफसेट (टूलच्या जागेची कंट्रोलमध्ये भरलेली दुरुस्ती) बदलला, मशिन दहा मिनिटांहून जास्त थांबलं, बारची हीट (पोलादाच्या ओतीची बॅच) बदलली. फानुक कंट्रोलला इथरनेट असेल तर फोकासमधून (फानुकचा डेटा वाचायचा इंटरफेस) ऑफसेटचं टेबल वाचता येतं. प्रत्येक बदलाची वेळ, जुना आकडा आणि नवा आकडा साठवायची सोय विक्रेत्याकडून मागून घ्या. पैसे मोजायचेच तर रंगीत आलेखांपेक्षा यासाठी मोजा.

दोन आठवड्यांची नोंद पाहिली की बाद पीस कशाच्या मागोमाग येतात ते दिसेल. सकाळी किंवा जेवणानंतर पहिले काही पीस बिघडत असतील तर मशिन थंड आहे. वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवा.

इन्सर्ट बदलल्याबरोबर बोअर मोठा येत असेल तर जुना वेअर ऑफसेट तसाच राहिलेला असतो. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो आणि ऑपरेटर ऑफसेट वाढवत नेतो. नवी धार लागली की तीच वाढ अंगावर येते. शिवाय बोअरिंगच्या छोट्या एम वर्गाच्या इन्सर्टला मापाची सूटच ±0.05 मिमी असते आणि तुमचा टॉलरन्स आहे 0.025. ऑफसेट मागे घेऊन, थोडा माल राखून आधी ट्रायल कट घ्या.

तिसरं कारण सहसा कुणी तपासत नाही: गरम पीस मोजून दिलेलं करेक्शन. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. पीस गेजपेक्षा 25 अंशांनी गरम असेल तर 32 चा बोअर 9 मायक्रॉन मोठा दिसतो. (गरम झाल्यावर भोक आकसतं हा समज अजून बऱ्याच शॉपमध्ये आहे. भोकही वाढतंच.) गेज 32.021 दाखवतो, ऑपरेटर घाबरून 10 मायक्रॉन कमी करतो. खरं माप 32.012, म्हणजे अगदी मधलं होतं. आता ते 32.002 वर आलं. इन्सर्ट जरासा झिजला की पुढचे पीस लहान.

पीस आणि मास्टर रिंग (गेज जुळवायची प्रमाण कडी) एकाच तापमानाला येऊ द्या. एका पिसावरून ऑफसेट हलवू नका. पाच थंड पिसांची सरासरी 32.006 ते 32.019 च्या बाहेर गेली तरच हलवा. बोअर गेजचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) 0.001 मिमी हवा. 0.01 च्या डायलवर 25 मायक्रॉनचा निवाडा होत नाही.

प्रश्न: बिघाडाचे 34 कोड दिलेत, तरी ऑपरेटर 'इतर' हाच दाबतात. सक्ती करावी का?

उत्तर: सक्ती केली तर यादीतला पहिला कोड दाबतील, म्हणजे नोंद आहे त्याहून खोटी होईल. यादी सहा-आठ कोडांवर आणा आणि ऑपरेटरला डोळ्यांनी किंवा गेजने जे कळतं तेवढंच विचारा: बोअर मोठा, बोअर लहान, चॅटर (थरथरीच्या खुणा), बर (कडेला राहिलेली धार), चकचा (पीस धरणाऱ्या पकडीचा) व्रण, लांबी चुकली. 'टूल खराब' हे कारण झालं, ते सेटरने नंतर लिहावं. आणि ही नोंद बोनस कापायला एकदा जरी वापरली, तरी पुढच्या शिफ्टपासून बाद पीस लाल पेटीत दिसायचेच नाहीत, मशिनच्या मागे सापडतील.