मॅक्स() लावला की तारखेची स्ट्रिंग का होते?

एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये कॉलम डेट म्हणून जाहीर केलाय, साध्या सिलेक्टने पायथनमध्ये तारीख मिळते, पण मॅक्स() (सगळ्यांत मोठी, इथे सगळ्यांत अलीकडची, किंमत काढणारं फंक्शन) लावला की स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, येते, असं तुम्ही विचारलंय.

डिक्लेअर्ड टाइप, म्हणजे जाहीर करताना दिलेला प्रकार, टेबलातल्या कॉलमचा असतो, क्वेरीच्या उत्तराचा नसतो. रिझल्टमधला कॉलम थेट टेबलातून आला (व्ह्यूमधून आला तरी चालतं) तरच एसक्यूलाइट तो सांगतं. मॅक्स(), बेरीज, अगदी कास्टसुद्धा (टाइप बदलणं) एक्स्प्रेशनच, म्हणजे क्वेरीत काढलेली किंमत, तिथे टाइप म्हणून नल, म्हणजे काहीच नाही. पायथनचा कन्व्हर्टर (साठवलेल्या मजकुराची तारीख करणारं फंक्शन) त्या टाइपच्या नावावर निवडला जातो. नावच नाही, मग साठवलेला मजकूर जसाच्या तसा हातात पडतो.

हे एका टीम लीडना मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही, आणि त्याचा राग अजून आहे. लालबागच्या एका पतसंस्थेचं काम होतं. महिनाअखेरची थकबाकी यादी, आजच्या तारखेतून शेवटच्या हप्त्याची तारीख वजा करायची. वजाबाकीतच टाइपएरर. काउंटरवरच्या मॅडमचे फोनवर फोन, आणि लीड म्हणतात, "डेटा घाण आहे, टेबल नव्याने बनव." मी एकाच सभासदाची, एकाच हप्त्याची नोंद घेतली आणि त्यांच्यासमोर टाइप छापून दाखवला. मॅक्स()शिवाय डेट, मॅक्स()सकट एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग. नोंद तीच! तर म्हणाले, "मग पायथनचा बग आहे." अहो, डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय.

तुम्ही क्वेरीत मॅक्स()ला ॲज लावून दिलेल्या उपनावाच्या शेवटी चौकटी कंसात डेट लिहा आणि कनेक्शन उघडताना पार्स_कोलनेम्स (कॉलमच्या नावातून टाइप वाच, असं पायथनला सांगणारा पर्याय) द्या. पायथन ३.१२ पासून आयते कन्व्हर्टर बाद होण्याच्या मार्गावर आहेत, तेव्हा आपला स्वतःचा नोंदवा. आणि हो, हे सगळं एसक्यूलाइटपुरतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस एक्स्प्रेशनचाही टाइप सांगतो. न्यूमेरिक(१०,२)च्या (एकूण दहा अंक, त्यातले दोन दशांशाचे) बेरजेत फक्त तो (१०,२) गळतो.

जाहीर केलेल्या टाइपवर आंधळा भरवसा टाकूच नका. त्याच लीडनी सभासद क्रमांकाला 'स्ट्रिंग' टाइप दिला होता. एसक्यूलाइट नावात इंट, कॅर, टेक्स्ट असे तुकडे शोधतं. 'स्ट्रिंग'मध्ये त्यातलं काहीच नाही, म्हणून कॉलम न्यूमेरिक, म्हणजे आकड्यांचा, धरला जातो आणि पुढची शून्यं गळतात. पासबुकावर ००४१७, यादीत ४१७. २०२१ मध्ये एसक्यूलाइटमध्ये आलेल्या, टाइप काटेकोर पाळणाऱ्या स्ट्रिक्ट टेबलात हा टाइप टेबल बनवतानाच नाकारला जातो. अर्थात तिथे डेटही चालत नाही, तारीख टेक्स्ट किंवा आकडा म्हणून ठेवावी लागते. माझ्या मते तेच बरं.