वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा जंतू आणि काचेवरचा

प्रश्न : माझी मुलगी नवी मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संसर्गजन्य आजारांची निम्मी लेक्चरं आता घरी मोबाईलवर बघायची असतात, बाकीचं वर्गात. कळव्याहून ठाणे आणि पुढे ट्रान्स हार्बर, हा प्रवास काही दिवस वाचतो ते बरं वाटतं. पण मोबाईलवर शिकून कोणी डॉक्टर होतं का?
– एक आई, कळवा

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. फक्त ती व्हिडिओवर काढू नका. व्हिडिओमुळे मोकळा झालेला वर्गातला तास कशात जातो, ते आधी विचारा.

मी ठाण्यात बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवली. मलेरियाचं जीवनचक्र फळ्यावर काढून जेवढं समजतं, त्याहून चांगलं ते ॲनिमेशनवर समजतं, असं माझं ठाम मत आहे. परोपजीवी आधी यकृतात जातो, मग तांबड्या पेशींत. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचे काही परोपजीवी यकृतातच सुप्त राहतात, म्हणून बरा झालेला ताप काही महिन्यांनी उलटतो आणि म्हणूनच प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस द्यावं लागतं. हे थांबवून, मागे नेऊन, तीनदा बघता येणं ही मुलांची मोठी सोय आहे.

पण वर्गात आल्यावर सरांनी पेशंट समोर ठेवला पाहिजे. जुलै महिना, घणसोलीच्या बांधकामावरचा मजूर, तापाचा सहावा दिवस, प्लेटलेट उतरलेल्या. मलेरिया, डेंग्यू की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप)? डेंग्यूसाठी पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-वन ही रक्तचाचणी उपयोगी, आता आयजीएम ही अँटिबॉडीची चाचणी पाठवायला हवी. तो साचलेल्या पाण्यातून चालला होता का? व्हिडिओत लेप्टोचं लक्षण म्हणून स्नायुदुखी लिहिलेली असते. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, पोटऱ्या फार ठणकतात.’ या दोन्हींची गाठ घालायला मुलांना कोणीतरी उलटे प्रश्न विचारावे लागतात, आणि मित्रमैत्रिणींसमोर उत्तर द्यावं लागतं.

स्लाइडचं तर विचारूच नका. टीबीच्या झील-नील्सन स्टेनच्या (जंतू दिसावेत म्हणून स्लाइड रंगवण्याच्या पद्धतीच्या) व्हिडिओत लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, आधीच सापडलेल्या असतात. कॅमेरा नेमका त्याच फील्डवर, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या भागावर, नेलेला. प्रत्यक्षात कार्बोल फुक्सिन हे लाल रंगद्रव्य वाफ येईपर्यंतच तापवायचं, उकळू द्यायचं नाही, ॲसिडने रंग नीट उतरवायचा, आणि मग शोधत बसायचं. निगेटिव्ह लिहिण्याआधी किमान १०० फील्ड बघावी लागतात. कंटाळा येतो, मान दुखते. कोणाचा तरी टीबी पकडला जाणं किंवा सुटणं त्या चिकाटीवर असतं, आणि ती खुर्चीवर बसूनच अंगात येते. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात हे स्टेनिंग मुलांनी स्वतः करून दाखवायचं आहे. पीपीई किट उतरवण्याचंही तसंच. कुठला हातमोजा कुठे लागला, हे शेजारी उभ्या माणसालाच दिसतं.

तेव्हा लेकीला सांगा, व्हिडिओत पेशंटची लक्षणं सांगून झाली की थांबव, तुझे तीन अंदाज वहीत लिही, मग पुढे बघ. ती वही वर्गात घेऊन जा.

आणि तुम्ही पालकसभेत विचारा, एका मायक्रोस्कोपवर किती मुलं बसतात? स्वतः केलेली स्लाइड कोणी तपासतं का? वॉर्डातले तास कमी तर केले नाहीत ना? घरी बघितलेलाच व्हिडिओ वर्गात पुन्हा लावत असतील, तर मात्र लेखी तक्रार करा.