लिव्हरसाठी स्टेम सेल घ्यावं का?

प्रश्न: डॉक्टर साहेब, आमच्या दादाला लिव्हर सिरॉसिस निघालंय. पोटात पाणी होतं, नांदेडला नेऊन काढून आणावं लागतं. एका सेंटरवाल्यानं सांगितलं की स्टेम सेल टोचले की लिव्हर नवं होतं, साडेतीन लाख लागतील. वहिनी एक एकर विकायचं म्हणायल्या. काय करावं? – एक बहीण, जिंतूर

उत्तर: ताई, इसार घेतला नसेल तर घेऊ नका.

लिव्हर स्वतःहून वाढतं हे खरंय, दात्याचा तुकडा काढला तरी काही महिन्यांत बरंच भरून येतं, म्हणूनच स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींवर, जगभर काम चाललंय आणि मलाही त्यातून आशा आहे. पण सिरॉसिसमधे लिव्हरभर वण पडून ते टणक होतं, रक्त नीट फिरत नाही, अशा जागी नव्या पेशी टिकायच्या कशा? हाडातल्या मगजातून किंवा नाळेतून घेतलेल्या पेशींनी काही लहान अभ्यासांत सूज कमी झाली, रिपोर्ट थोडे सुधारले. पण ब्रिटनमधे ८१ पेशंटवर झालेल्या ट्रायलमधे, २०१८ ला निकाल आला, मगजातल्या पेशींचा फायदा दिसला नाही.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे वगैरे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमधेच देता येतात आणि पेशंटकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. सेंटरवाल्याला सीटीआरआय नंबर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर, अन् ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र मागा. पैसे मागतोय म्हणजे ती ट्रायल नाहीच.

आधी कारण शोधा. दारू असेल तर पूर्ण बंद. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी करा, सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो, सरकारी योजनेत फुकट मिळतात. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, खारं सगळं बंद, पण डाळ-अंडी तोडू नका, आपल्याकडे सिरॉसिसच्या माणसाला उपाशी ठेवतात अन् तो अजूनच खंगतो. अंगदुखीच्या गोळ्या मनानं देऊ नका. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी झाली का विचारा.

पाणी वारंवार होतंय म्हणजे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, घरातलं कोणी दाता होऊ शकतं का ते तपासतील, नसेल तर संभाजीनगरच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव लागतं का बघतील. मुख्यमंत्री सहायता निधीचीही चौकशी करा.

काळी संडास, रक्ताची उलटी, ताप किंवा दादा बरळायला लागले तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखान्यात न्या.