क्लॅडिंग सुटलं, डीलर म्हणतो ‘बाहेरचा धक्का’

प्रश्न (एक वाचक, नाशिक): १४ महिन्यांपूर्वी पुण्यातून ११ लाख ४० हजारांना गाडी घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. मागच्या डाव्या चाकावरचं काळं क्लॅडिंग (प्लास्टिकची पट्टी) पाचव्या महिन्यात सुटलं, तेव्हा सर्व्हिस सेंटरने चिकटवून दिलं. आता तेच पुन्हा लोंबतंय. या वेळी ‘बाहेरचा धक्का आहे, वॉरंटीत बसत नाही’ असं तोंडी सांगून ६,८०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. गाडीच बदलून मागता येईल का?

उत्तर: गाडी बदलून मागू नका. एवढ्याशा दोषासाठी ती मिळत नाही, आणि तशी मागणी तक्रारीत घातली की रास्त मागणीसुद्धा हलकी वाटू लागते. वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर सबंध गाडी बदलायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं आहे. तुम्ही मागा नवीन क्लॅडिंग, नवीन क्लिपा, फिटिंगसह आणि विनामूल्य. शिवाय हेलपाट्यांचा खर्च.

भांडण खरं तर एकाच गोष्टीवर आहे: पट्टी आपणहून सुटली की कशाला तरी घासून? याचं उत्तर पट्टीच्या मागे लिहिलेलं असतं. क्लॅडिंग प्लास्टिकच्या क्लिपांवर बसतं आणि बऱ्याच मॉडेलमध्ये कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप असते. टेप रंगावरून स्वच्छ निघून आली असेल, तर ती मुळात नीट धरलीच नव्हती, असा अंदाज बांधता येतो. फोम मधूनच फाटला असेल, क्लिपांच्या मानेचे तुकडे फेंडरच्या भोकात अडकले असतील, कडेला ओरखडे किंवा पत्र्याला पोचा असेल, तर जोर बाहेरून लागल्याची शंका येते. म्हणून पट्टी पूर्ण निघण्याआधीच दिवसाच्या उजेडात फोटो काढा: अख्खी बाजू, फट, क्लिपा, टेप, आजूबाजूचा रंग. एका फोटोत ओडोमीटर, एकात चासी नंबर. मूळ फोटो मोबाइलमध्येच राहू द्या. पुढे ग्राहक आयोगात देताना त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडायचं असतं.

बाहेरून मडफ्लॅप लावलेत का, तेही पाहा. क्लॅडिंगमधून स्क्रू गेला असेल तर डीलर पहिलं बोट तिथेच ठेवेल. आणि फेविक्विक लावायच्या भानगडीत पडू नका. पुराव्यावरच डिंक ओतल्यासारखं होईल.

तुमच्या हातातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे पाचव्या महिन्याचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी दाखल करताना सर्व्हिस सेंटरने केलेली तक्रारीची नोंद. त्यावर ‘क्लॅडिंग लूज’ अशी नोंद असेल, तर हा दोष जुनाच आहे आणि दुरुस्ती टिकली नाही, हे त्यांच्याच कागदावरून दिसतं. प्रत नसेल तर आजच मागा. आता गाडी पुन्हा दाखल करा आणि तक्रारीच्या रकान्यात तुमचेच शब्द लिहून घ्या: ‘मागील डावं क्लॅडिंग दुसऱ्यांदा सुटलं, धक्का लागलेला नाही.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो, तेवढ्यावर सही करू नका.

मग डीलर आणि उत्पादक कंपनीचं कस्टमर केअर या दोघांना एकच ईमेल करा. चासी नंबर, किलोमीटर, दोन्ही जॉब कार्डांचे नंबर द्या आणि विचारा: वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नकार, आणि धक्क्याचा पुरावा काय? पंधरा दिवसांची मुदत द्या. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, लिहून देताना बरेच जण नरमतात. तेवढ्यात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीच्या वरच्या टेबलावर फाइल जाते.

पावसाळ्यात थांबणं शक्य नसेल आणि पैसे भरावेच लागले, तर बिलाच्या प्रतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असं लिहा आणि जुनी पट्टी क्लिपांसकट परत घ्या. पैसे तुम्ही भरलेत, पार्ट तुमचा. तो भंगारात गेला की पुरावाही गेला.

एवढ्यावर नाही भागलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गाडी पुण्यात घेतली म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते. फी मात्र मागणीवर नाही, गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते: १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुदत दोन वर्षांची (कलम ६९), आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही. पहिल्या बिघाडापासून धरली तरी तुमच्याकडे सव्वा वर्षाच्या आसपास आहे.

पट्टी बदलून मिळाली, तर समाधानपत्रावर सही करण्याआधी वाकून बघा. क्लिपऐवजी पत्र्यात नवा स्क्रू पिळलेला दिसला तर गाडी ताब्यात घेऊ नका: त्या भोकातून गंज सुरू झाला की पुढची तक्रार गंजाची, आणि तिथेही तुम्हालाच विचारतील की भोक कोणी पाडलं.