टाळूच्या खिडकीतून

नवजात बाळांच्या मेंदूच्या रचनेतल्या जन्मजात दोषांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सगळं नॉर्मल होतं. आता बाळ दहा दिवसांचं आहे आणि मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूलच नाही म्हणतात. तेव्हा कुणी चुकलं का? (कोथरूड)

तसं लगेच म्हणता येणार नाही. हा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोझम, जेमतेम विसाव्या आठवड्यापर्यंत आकार घेतो आणि नेहमीच्या आडव्या छेदांत तो थेट दिसत नाही. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या आकारावरून शंका घ्यावी लागते. मेंदूवरच्या बहुतेक वळ्या तर सहाव्या महिन्यानंतर उमटतात, त्या पाचव्यात कुठून दिसणार?

आता विचारायचं ते हे, की हा दोष एकटाच आहे की सोबत आणखी काही? एकटाच असेल तर यातली बरीच मुलं चारचौघांसारखी शाळेत जातात, काहींना अभ्यासात मदत लागते. सोबत इतर दोष असतील तर चित्र बदलतं. म्हणून एमआरआय आणि जनुकीय तपासणी होईपर्यंत नुसतं नाव गूगलवर टाकून रात्री जागवू नका.

टाळूवरून सोनोग्राफी झाली, तरी एमआरआय सांगितलाय. एवढ्याशा जिवाला भूल आणि किरणं? (पिंपरी)

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ते सीटी स्कॅनमध्ये. टाळूला हाड भरलेलं नसतं, म्हणून तिथून आत डोकावता येतं. रक्तस्राव, साठलेलं पाणी छान दिसतं. पण खिडकीतून घराचे कोपरे दिसत नाहीत, तसा मेंदूचा पृष्ठभाग आणि मागचा तळ नीट कळत नाही.

इतक्या लहान बाळाला बहुतेकदा भूल लागतही नाही. भुकेच्या वेळेपर्यंत थांबायचं, सेंटरमध्येच पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कान झाकायचे. बाळ झोपतं. आवाज मात्र भयंकर असतो, आईच दचकते! दुपट्याला प्रेस-बटण नको. वाळे आणि करदोटा घरीच काढून या. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण आतले घुंगरू कशाचे आहेत हे सोनारालाच ठाऊक.

नातवाचा मेंदू गुळगुळीत आहे म्हणतात. सूनबाईनं ग्रहणात भाजी चिरली होती. (जुन्नरच्या आजी)

आजी, विळीचा काही संबंध नाही. गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास मेंदूच्या पेशी आतून पृष्ठभागाकडे चालत जातात. ही वारी वाटेतच अडली की वळ्या पडत नाहीत. याला लिसेनसेफली म्हणतात. अनेकदा १७व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड सापडतो आणि बहुतेक वेळा तो आईतही नसतो, बापातही नसतो. सुनेला हे तुम्ही स्वतः सांगा, माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं तिला जास्त पटेल.

पुढच्या बाळालाही होईल का? (हडपसर)

निदानाचं नाव हाती आल्याशिवाय कुणी टक्केवारी सांगितली तर ऐकू नका. उदाहरणार्थ ज्युबर्ट सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाच्या रचनेतला एक जन्मजात दोष. त्यात एमआरआयच्या छेदात दाढेसारखा आकार दिसतो. त्यात बहुधा आई-वडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतात, म्हणजे दर गरोदरपणात धोका चारात एक. आते-मामे भावंडांत लग्न झालं असेल तर हे आवर्जून सांगा. बिघाड नव्यानं झालेला असेल तर धोका बराच कमी, पण शून्य नाही.

आणि सीएमव्ही विषाणूची लागण हे कारण असेल तर हिशेबच वेगळा. त्यासाठी बाळाची लघवी किंवा लाळ जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत तपासावी लागते. नंतर लागण गर्भातली की बाहेरची, हे सांगणं कठीण. 'आधी बारसं उरकू, मग बघू' यात ही मुदत निघून जाते, म्हणून मी इथे जरा चिडूनच लिहितोय.

बाळाचं डोकं मोठं वाटतं. (भोसरी)

वाटण्यावर जाऊ नका, मोजा. भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. शिंप्याची चालेल, ताणून सैल झालेली नको. पूर्ण दिवसांच्या बाळाचं माप साधारण ३५ सेंटिमीटर असतं आणि पहिले तीन महिने दरमहा सुमारे २ सेंटिमीटर वाढतं. टाळू फुगून टणक झाली, उलट्या होऊ लागल्या, नजर खालीच राहू लागली तर त्याच दिवशी ससूनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. यातलं काहीच नसेल, तर पुढच्या भेटीला बाळाच्या बाबांनाही घेऊन या. त्यांच्याही डोक्याला टेप लावायची आहे.