गावातली मुलं फुटबॉल प्रॅक्टिस सोडून जातायत, कोच म्हणून मी काय सुधारू?

तुम्ही लिहिलंय की स्वतः क्लबपर्यंत खेळलायत, जूनपासून गावातल्या ९ ते १२ वयाच्या मुलांना शिकवताय, सुरुवातीला २२ यायची आता १३ येतात, आलेली पण ऐकत नाहीत, आणि कुठला कोर्स केला तर चांगला कोच होता येईल. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात गेली ११ वर्षं ह्याच वयाच्या पोरांना शिकवतो, नोकरी वेगळी आहे, संध्याकाळी ग्राउंडवर जातो. कोर्सचं शेवटी सांगतो. पावसामुळे दोन-तीन मुलं गळतातच, ते सोडून द्या, पण ९ गेली म्हणजे कारण दुसरं आहे, आणि ते मला तुमच्याच एका वाक्यात दिसलं, "दीड तास मी जीव ओतून समजावतो".

मी पण समजवायचो. तिसऱ्या वर्षी माझा पाय मुरगळला म्हणून १५ दिवस ग्राउंडच्या कडेला चिऱ्यांच्या कठड्यावर बसून होतो, प्रॅक्टिस मित्र घ्यायचा, पण प्लॅन माझाच, वहीत लिहून दिलेला. बसून करायचं काय म्हणून एक दिवस एकाच मुलावर नजर ठेवली, लाल टी-शर्टवाला, १० वर्षांचा. शूटिंगची लाईन लावली होती, ११ मुलं आणि एक बॉल, एकेकाने प्लास्टिकच्या शंकूंमधून, म्हणजे कोनमधून, बॉल न्यायचा, शॉट मारायचा, बॉल आणून पुढच्याला द्यायचा. २० मिनिटांत त्या पोराने शॉट मारले ४. बाकी वेळ तो लाईनीत उभा. पुढच्याची पँट ओढली, बुटाने तांबड्या मातीत खड्डा केला, मागच्याशी भांडला, आणि ह्या सगळ्यासाठी दोनदा ओरडा खाल्ला. ओरडणारा माझा मित्र होता पण लाईन मी लावलेली. त्या दिवशी घरी जाऊन ती वहीच बाजूला ठेवली. ज्यांना मी तीन वर्षं मस्तीखोर म्हणत होतो त्या पोरांना मी काही करायलाच दिलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे करा, एक दिवस कोणाला तरी प्रॅक्टिस घ्यायला सांगा, स्वतः बाजूला बसा आणि एकच मुलगा बघा. सगळ्यात चांगला नको आणि सगळ्यात कच्चा पण नको, मधला बघा. बॉल त्याच्या पायाला किती वेळा लागला, उभा किती वेळ राहिला, प्रॅक्टिस घेणारा त्याच्याशी स्वतःहून काय बोलला. फोनवर व्हिडिओ काढून घरी बघितला तरी चालेल. मी हे अजून दर दोन-तीन महिन्यांनी करतो आणि दर वेळी काहीतरी सापडतंच.

मग लाईन बंद. १३ मुलं आहेत ना, तीन-तीनचे दोन सामने शेजारी शेजारी लावा म्हणजे १२ झाली, तेरावा जोकर, ज्या टीमकडे बॉल त्या टीमकडून तो खेळणार, दर चार मिनिटांनी जोकर बदला. ग्राउंड २५ पावलं बाय २० पावलं पुरे, कोनचे छोटे गोल, गोलकीपर नको. मोठ्या ग्राउंडवर मोठी टीम करून खेळवलं की दोन-तीन ताकदीची पोरं बॉल घेऊन पळतात आणि बाकीची नुसती बघत उभी असतात, इथे मात्र लपायला जागाच नाही, प्रत्येकाला पास द्यावा लागतो, हुकवावं लागतं, बॉल गेला की परत घ्यायला पळावं लागतं. जे शिकवायचंय ते नियम बदलून शिकवा. पास हवेत तर सांगा की गोलच्या आधी तिघांनी बॉलला हात, म्हणजे पाय लावायलाच पाहिजे. डावा पाय हवा तर डाव्या पायाचा गोल दोन धरा. भाषण लागत नाही. आणि बॉल ४ नंबरचा घ्या, ५ नंबरचा मोठ्यांचा असतो, ४१० ते ४५० ग्रॅमचा, नऊ वर्षांच्या पोराने तो जोरात मारायचा म्हणजे पूर्ण अंग वाकडं करावं लागतं आणि ती वाईट सवय मग जात नाही. गोव्यात २०१२ ला फुटबॉल राज्याचा खेळ म्हणून जाहीर झाला तरी आजही गावात कोणीतरी प्रेमाने देणगी देतो ती ५ नंबरच्या बॉलचीच, तर देणाऱ्याला आधीच नंबर सांगून ठेवा.

बोलायचं किती? खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट, एकच गोष्ट. खेळ चालू असताना सगळ्यांना थांबवून एकाची चूक दाखवू नका, त्याला बाजूला बोलवा, दोन वाक्यं बोला, परत पाठवा, बाकीचे खेळतच राहू देत. आणि "पास कर, पास कर, मार आता" हे बाहेरून ओरडणं सोडून द्या, मला ते सोडायला दोन वर्षं लागली, पण आपण ओरडलो की पोरगा बॉल सोडून आपल्याकडे बघतो आणि तेवढ्यात बॉल गेलेला असतो. नंतर विचारा, तिथे तुला काय दिसलं? पहिला महिनाभर कोणी उत्तर देत नाही. मग देतात, आणि कधीकधी त्यांना ते दिसलेलं असतं जे आपल्याला दिसलं नव्हतं.

आता सामन्यांचं सांगतो कारण माझ्या मते मुलं प्रॅक्टिसमुळे जेवढी सोडत नाहीत तेवढी बेंचवर बसून सोडतात. आमच्या शेजारच्या गावात बारा वर्षांखालची टूर्नामेंट होती, माझ्या टीममध्ये एक बारीक पोरगा होता, प्रॅक्टिसला एक दिवस चुकवायचा नाही, कोन तोच गोळा करायचा. तीन सामने मी त्याला घेतलाच नाही. चौथ्यात आपण ३-० ने पुढे, सातेक मिनिटं बाकी, मी म्हटलं चल उतर. तो उठला आणि पिशवीत हात घालून बूट शोधायला लागला. पायात चपला होत्या. बूट काढले, मग मोजे, मग नडगीला लावायचे शिनपॅड, एक शिनपॅड पिशवीच्या तळाशी गेलेला, लेस बांधताना हात थरथरत होते, आणि तो लाईनीवर येऊन उभा राहतो तोवर शिटी वाजली. मी जरा रागानेच विचारलं, तयार का नव्हतास? तो हळूच म्हणाला, "सर, म्हाका घालचे नात अशें दिसलें." तुम्ही मला घ्यालच असं वाटलं नव्हतं एवढंच. नंतर तो आला नाही. मी दोनदा घरी गेलो, आई म्हणाली ट्यूशन आहे.

त्यानंतर माझ्याकडे एक छोटी वही आहे, सामन्यात कोण किती मिनिटं खेळला ते लिहितो. बारा वर्षांखाली प्रत्येक जण प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळणार, मग फायनल असो की काही असो. ह्यामुळे आम्ही सामने हरलोय, एकदा सेमीफायनल हरलो तेव्हा दोन पालक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, तरी मी हे बदलणार नाही. कारण ह्या वयात आपल्याला कळतच नाही कोण पुढे जाणार. वयोगट जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, दहा वर्षांच्या पोरांत जवळजवळ एक वर्षाचा फरक म्हणजे उंचीत चांगलाच फरक पडू शकतो, आणि आपण उंच पोराला टॅलेंट म्हणून मोकळे होतो. पुढे सगळे वाढले की तोच उंच पोरगा मागे पडलेला मी बघितलाय.

गोलीचं, म्हणजे गोलकीपरचं, पण तसंच. जो पळत नाही त्याला गोलात उभा करतात, हे गावोगावी चालतं आणि मला ह्याचा फार राग येतो. ज्या गोव्याने देशाला ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर कॅप्टन दिला, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, तिथे गोलीची जागा शिक्षा म्हणून द्यायची? फिरवून सगळ्यांना उभं करा, ज्याला आवडेल तो आपणहून मागतो.

शरीराचं थोडं, पण हे नीट वाचा. १० ते १४ वयात पोरगं गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणालं तर नाटक समजू नका, वाढीच्या वयात हाडाला जिथे स्नायूची दोरी जोडलेली असते तिथे ताण येऊन खरंच दुखतं, विश्रांती द्या आणि डॉक्टरला दाखवायला सांगा, मी एकाला "पळलास की जाईल" म्हटलं होतं आणि त्याचं दुखणं आणखी दोन महिने वाढवून ठेवलं. वॉर्मअपला मैदानाच्या चकरा नकोत, फिफाचा ७ ते १३ वयासाठी बनवलेला "इलेव्हन प्लस किड्स" म्हणून १५-२० मिनिटांचा कार्यक्रम आहे, उड्या, एका पायावर तोल, पडायला शिकणं असं सगळं, युरोपातल्या चार देशांत करून बघितला तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, शिकवायची घाई नको, अमेरिकेने २०१५ ला लहान मुलांचं हेडिंग बंद केलं, इंग्लंडमध्ये २०२० पासून अकरा वर्षांखालच्यांना प्रॅक्टिसमध्ये करायला लावत नाहीत. आणि आता पुढे ऑक्टोबर येतोय, परतीचा पाऊस नेमका आपल्या प्रॅक्टिसच्या वेळेला गडगडत येतो. गडगडाट ऐकू आला की लगेच पोरांना पक्क्या इमारतीच्या आत न्या, झाडाखाली नाही, आणि शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास थांबा. पाच मिनिटं राहिलीत म्हणून खेळ संपवत बसू नका.

पालकांची एक मीटिंग घ्या, अर्ध्या तासाची. त्यात बाकी काही सांगितलं नाही तरी दोन गोष्टी सांगा, सगळे खेळणार, आणि बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. मुली असतील तर एक आई रोज ग्राउंडवर असू दे, आणि मुलगा असो की मुलगी, गाडीवर एकट्या मुलाला घरी सोडायला जायचं नाही, मेसेज करायचा तो पालकांच्या ग्रुपवर.

कोर्स म्हणाल तर एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, कोचसाठीचा डी लायसन्स जरूर करा, मी केला, प्रॅक्टिस कशी रचायची ते तिथे नीट कळतं आणि दुसरे कोच भेटतात. पण त्यासाठी थांबू नका.

राहिली ती ९ मुलं. त्यांना ग्रुपवर मेसेज टाकू नका, घरी जा. का सोडलंस असं नका विचारू, त्यावर अभ्यास आहे हेच उत्तर मिळतं. ग्राउंडवर सगळ्यात कंटाळा कशाचा यायचा, असं विचारा, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका. जमलं तर बरोबर ४ नंबरचा बॉल घेऊन जा, अंगणात दोन-चार पास खेळलात तर पोरगं जास्त बोलतं. चतुर्थी झाल्यावर जा, त्याआधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या, गडबडीत कोणाच्या घरी कोणाला बसून बोलायला वेळ नसतो.