बूट हप्त्यांनी घेण्याआधी कार्डाचे बिल उघडा

प्रश्न (संक्षेपाने): माझे वय ३६ वर्षे. घरात पत्नी आणि दोन लहान मुले असून कमावणारा मी एकटा आहे. दोन महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा साधारण चार किलोमीटर, अर्ध्या तासात. दहा महिन्यांनी असलेल्या हाफ मॅरेथॉनसाठी (सुमारे २१ किलोमीटर) नाव नोंदवले आहे. सोबतच्या धावपटूंनी कार्बन प्लेटचे (तळात कडक कार्बन पट्टी असलेले) बूट, जीपीएस घड्याळ, कॉम्प्रेशन मोजे, पाण्याचे व्हेस्ट आणि मसाज गन अशी यादी दिली आहे. सगळे एकदम ‘बिनव्याजी’ बारा हप्त्यांत कार्डावर घ्यावे, की आधी बूट आणि नंतर घड्याळ? कार्डावर थोडी जुनी बाकी आहे, पण किमान रक्कम मी आजवर कधीही चुकवलेली नाही. चालू महिन्याचा खर्च कार्डावर करतो आणि तेवढा पूर्ण भरतो, त्यामुळे त्यावर जवळजवळ दीड महिना व्याज लागत नाही. बचत खात्यात हात न लावलेली रक्कम आहे आणि वार्षिक बोनस थेट विमा पॉलिसीच्या प्रीमियमला जातो, म्हणजे भविष्याची सोय झालेली आहे. कृपया रकमा छापू नयेत.

उत्तर: रकमा छापू नयेत या तुमच्या विनंतीनुसार तुमचा हातात येणारा मासिक पगार मी १०० भाग धरतो आणि बाकीचे सर्व आकडे त्याच मापात मांडतो. पत्रासोबतच्या कागदांवरून चित्र असे दिसते: यादीतील वस्तूंची किंमत १२० भाग, कार्डावरील जुनी बाकी १५०, कार्डावरचा चालू मासिक खर्च ३०, बचत खात्यात ९० आणि पॉलिसीचा वार्षिक प्रीमियम १००. तुम्ही बूट आणि घड्याळ यांचा क्रम विचारला आहे. मला मात्र तुमच्या पत्रातील ‘थोडी जुनी बाकी’ या तीन शब्दांवरच बराच वेळ थांबावे लागले, कारण दीड महिन्याचा पगार ही थोडी बाकी नव्हे.

कार्डाच्या बिलावर किमान देय रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते आणि तिच्याखाली किंवा मागच्या पानावर बारीक अक्षरांत व्याजाचा दर असतो. तुमच्या बिलावर तो दरमहा ३ टक्के आहे. वर्षाचे ३६ टक्के हे तोंडी गणित झाले; व्याजावर व्याज धरले की आकडा ४२ टक्क्यांच्या पुढे जातो. १५० भागांवर महिन्याला साडेचार भाग व्याज होते, किमान रक्कम ५ टक्के म्हणजे साडेसात भाग भरली जाते, आणि मुद्दल कमी होते ते जेमतेम तीन भागांनी. याच पद्धतीने वर्षभर भरत राहिलात तर खिशातून ८० भाग जातील आणि बाकी १५० वरून ११८ च्या आसपास येईल. ती निम्मी व्हायला तीन वर्षांना थोडे कमी लागतील, तेही या काळात जुन्या बाकीत एका पैशाचीही भर पडली नाही तर. आंधळी दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा हिशेब आहे, आणि किमान रक्कम कधीही चुकवली नाही याचा अभिमान तुम्ही बाळगावा यात सर्वाधिक फायदा कार्ड देणाऱ्याचा आहे.

दुसरी चूक याहून लपलेली आहे. चालू खर्च पूर्ण भरत असल्यामुळे त्यावर व्याज लागत नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. बिनव्याजी मुदत ही मागची संपूर्ण बाकी फेडणाऱ्याला मिळणारी सवलत असते. बाकी पुढे ओढली की सर्वसाधारणपणे ती सवलत संपते आणि नव्या प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. दरमहा ३० भागांचा खर्च सरासरी महिनाभर कार्डावर राहतो, म्हणजे त्यावर महिन्याला सुमारे एक भाग आणि वर्षाला सुमारे अकरा भाग व्याज तुम्ही न कळत देत आहात. धावण्याच्या चांगल्या, साध्या बुटांचा एक जोड तुमच्या मापात साधारण एवढ्यालाच येतो. उद्यापासून चालू खर्च कार्डावर करणे थांबवा आणि थेट खात्यातून करा. या एका बदलाला कोणतीही गुंतवणूक लागत नाही.

‘बिनव्याजी’ हप्त्यांचेही असेच आहे. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये एकरकमी पैसे देणाऱ्याला ११० भागांत मिळणारी यादी हप्ते घेणाऱ्याला १२० भागांना आहे. ११० भागांच्या वस्तूंसाठी दहा-दहा भागांचे बारा हप्ते देणे म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के व्याज देणे होय, मग त्याला नाव काहीही द्या. त्यावर प्रक्रिया शुल्क लागत असेल तर दर आणखी वर जाईल. शिवाय ज्या कार्डावर आधीच ओझे आहे त्याच कार्डावर हा हप्ता बसणार असल्यामुळे दरमहाची देय रक्कम वाढेल आणि अडीअडचणीला मोकळी असलेली मर्यादा आक्रसेल.

आता पॉलिसीकडे वळतो, आणि येथे माझा सूर थोडा कडक होणार आहे. बँकेतील ओळखीच्या अधिकाऱ्याने विमा, बचत आणि खात्रीचा परतावा एकत्र देणारी म्हणून ती तुम्हाला दिली. मुदत २० वर्षे आहे, त्यांपैकी चार प्रीमियम भरून झाले आहेत आणि पाचवा तीन महिन्यांनी आहे. २००० भाग भरून शेवटी ३३०० मिळणार, ‘दीडपटीहून अधिक’, असे तुम्ही समाधानाने लिहिले आहे. वीस वर्षांत दीडपट ही ऐकायला गोड असली तरी तिचा वार्षिक दर जेमतेम साडेचार टक्के पडतो. एका हाताने साडेचार टक्के मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस टक्के द्यायचे, हा व्यवहार चार वर्षे चालला आहे. या चार वर्षांत तुम्ही ४०० भाग प्रीमियम भरला. त्यांतील दीड वर्षाच्या प्रीमियममध्ये कार्डाची आजची सगळी बाकी फिटली असती.

याहून गंभीर बाब विमा संरक्षणाची आहे. पॉलिसीचे संरक्षण १००० भाग आहे, म्हणजे तुमच्या दहा महिन्यांच्या पगाराइतके. एकट्याच्या कमाईवर चार माणसांचे घर चालत असताना उद्या तुम्ही नसाल, तर पत्नीच्या हाती वर्षभराची रक्कमही येणार नाही आणि त्यातूनच कार्डाची बाकी फेडण्याचा प्रश्नही उभा राहील. याला भविष्याची सोय म्हणता येत नाही. ज्या अधिकाऱ्याने ही पॉलिसी दिली त्याने तुमच्या घरात किती माणसे आहेत आणि डोक्यावर किती कर्ज आहे, हे दोन प्रश्न विचारले असते तर हे उत्पादन त्याला तुमच्यापुढे ठेवता आले नसते; बहुधा म्हणूनच ते विचारले गेले नाहीत.

मात्र रागाच्या भरात पॉलिसी लगेच बंद करू नका. प्रथम किमान दहा वर्षांच्या पगाराइतके संरक्षण देणारा निव्वळ टर्म विमा घ्या. त्यात शेवटी काहीही परत मिळत नाही आणि म्हणूनच तो सध्याच्या प्रीमियमच्या एका लहानशा हिश्श्यात मिळतो. अर्जात तब्येतीची माहिती खरी भरा आणि तो विमा प्रत्यक्ष लागू झाल्याचा कागद हाती येऊ द्या. त्यानंतर जुन्या कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: पॉलिसी आज मोडली तर किती मिळेल, पुढचे प्रीमियम न भरता ती पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती मिळेल, आणि तिच्या तारणावर कर्ज किती व कोणत्या दराने मिळेल. ‘एवढे भरलेच आहे, आता सोडायचे कसे’ हा विचार या निर्णयात आणू नका, कारण भरलेले ४०० भाग दोन्ही वाटांवर सारखेच गेलेले आहेत. तुलना करायची ती पुढे भरायच्या १६०० भागांची.

बचत खात्यातील ९० भागांना हात न लावण्याचा तुमचा नियम इतर वेळी मी उचलून धरला असता, पण बेचाळीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना बचत खात्याच्या व्याजावर समाधान मानणे परवडणारे नाही. त्यांतील ४० भाग आजच कार्डात भरा, म्हणजे बाकी ११० वर येईल. जो दहा भागांचा हप्ता तुम्ही बुटांसाठी द्यायला तयार होता, तो आणि आजवरची साडेसात भागांची किमान रक्कम मिळून दरमहा साडेसतरा भाग कार्डात भरत राहिलात, तर सुमारे सात महिन्यांत बाकी संपते. पॉलिसी थांबवण्याचा निर्णय झाला आणि तीन महिन्यांनी येणारा १०० भागांचा बोनस मोकळा झाला, तर त्या वेळी शिल्लक असलेले ६६ भाग एकाच फटक्यात फेडले जातात आणि ३० हून अधिक भाग हाती उरतात. ते बचत खात्यात परत टाका आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम जमेपर्यंत तेथेच साठवत जा. पुढच्या पगारवाढीतून कार्ड फिटेल, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. जी वाढ अद्याप मिळालेली नाही तिच्या भरवशावर ३ टक्के महिन्याचे कर्ज मी एक दिवसही ठेवणार नाही.

एवढे झाल्यावर धावण्याकडे येऊ, कारण तुमचा छंद मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. कार्बन प्लेटच्या बुटांनी २०१७ पासून रस्त्यावरच्या शर्यतींचे स्वरूप बदलले हे खरे आहे. सुरुवातीच्या ज्या गाजलेल्या चाचणीत ऊर्जेची सरासरी सुमारे ४ टक्के बचत दिसली, ती मात्र ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंवर झाली होती. तुमचा वेग ताशी आठ किलोमीटर आहे. तुमच्या यादीतील बुटांना ४० भाग पडतात आणि त्यांतला मऊ, उसळता फोम रोजच्या बुटांच्या फोमपेक्षा सहसा लवकर बसतो. ४०० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे ०.१ भाग. बारा भागांचा रोजच्या सरावाचा साधा जोड ६०० किलोमीटर सहज चालावा, म्हणजे किलोमीटरमागे ०.०२. पाचपट खर्च करून तुमच्या वेगाला काय मिळणार, हे तुमच्या यादीकारांनाही नेमके सांगता येईल असे वाटत नाही. (इथिओपियाचे धावपटू आबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती, हा दाखला देऊन बूटच घेऊ नका म्हणणारा एखादा मित्रही तुम्हाला भेटेल, त्याचेही ऐकू नका.)

आठवड्याला बारा किलोमीटर म्हणजे वर्षाला सुमारे ६००; हाफ मॅरेथॉनचा सराव वाढला की दुसरा जोड थोडा आधी लागेल, एवढेच. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, धावण्याचे मोजे घालूनच पाहा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच वर सरकता कामा नये आणि दुकानात चार पावले धावून पाहिल्यावर कोठेही टोचता कामा नये. तळव्याच्या कमानीवरून बुटांचा प्रकार ठरवल्याने दुखापती कमी होतात, याला सैनिकी प्रशिक्षणार्थींवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत पाठबळ मिळाले नाही, त्यामुळे पायाच्या महागड्या तपासणीला भुलू नका. पायाला जो जोड आरामदायक वाटतो तो घ्या. मागच्या वर्षीचे मॉडेल मिळाले तर उत्तमच, कारण नव्या मॉडेलमध्ये अनेकदा रंग आणि वरचे कापड यांपलीकडे फारसे बदललेले नसते. बुटांसोबत सुती नसलेले दोन-तीन मोजे आणि घाम लवकर वाळणारे दोन टी-शर्ट घ्या. हे सगळे १८ भागांत बसते आणि ते बचतीतून रोख घ्या, म्हणजे कार्डात ४० भरल्यावरही खात्यात ३२ भाग राहतात.

घड्याळाचे काम सध्या फोन करतो. अंतर आणि वेळ दोन्ही त्यात दिसतात. कॉम्प्रेशन मोजे आणि मसाज गन यांच्याविषयी लिहिण्यात जागा घालवत नाही. पाण्याचे व्हेस्ट लांब पल्ल्याच्या सरावात उपयोगी पडते, पण तो पल्ला तुम्ही अजून गाठलेला नाही. सात महिन्यांनी, कार्ड कोरे असताना आणि तुम्ही अजूनही आठवड्यातून तीनदा धावत असताना घड्याळ हवेसे वाटले, तर त्यासाठी तीन महिने तेच साडेसतरा भाग बाजूला टाका. शर्यतीच्या सुमारास ५० भागांचे घड्याळ रोखीने घेता येईल आणि त्या वेळी त्याबद्दल मी काहीही बोलणार नाही.

पाचव्या प्रीमियमला तीन महिने आहेत आणि टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे व मंजुरी यांना काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे तो अर्ज याच आठवड्यात भरा, जुन्या विमा कंपनीला वरील तीन आकड्यांसाठी ई-मेल पाठवा आणि तिचे लेखी उत्तर आल्यावर ते मला पाठवा. पॉलिसी मोडायची की पेड-अप ठेवायची, हे ते आकडे समोर असल्याशिवाय मी सांगणार नाही.